काळा की मिडनाइट ब्लू? एका लग्नातल्या टक्सेडोच्या रंगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टक्सेडोचा, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीच्या औपचारिक सूटचा, रंग हा विषय बहुतेक लोक पाच मिनिटांत उरकतात. फोनमधला एक फोटो पुढे करतात, "अगदी असाच हवा" म्हणतात आणि माप द्यायला हात पसरून उभे राहतात. हे प्रकरणही तसंच सुरू झालं. पुढे ते तसं राहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. नावं, ठिकाण, तारखा सगळं काढून टाकलंय. इथे मुलगा, मुलगी, मुलाचे आई-वडील आणि चार मित्र एवढीच माणसं आहेत.

मुलगा माझ्या शिवणकामाच्या दुकानात आला तेव्हा लग्नाला अकरा आठवडे होते. मुलीचा गाऊन आधीच ठरलेला होता आणि निम्मा शिवूनही झाला होता. जड रेशमी साटीन, रंग आयव्हरी, म्हणजे हस्तिदंती. लग्नाचा विधी दुपारी साडेचारला, उघड्या हिरवळीवर. जेवण आणि नाच सातनंतर, बंद हॉलमध्ये, पिवळ्या दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडात. मुलाचे चार मित्र चार वेगवेगळ्या शहरांतून येणार होते आणि आपापला टक्सेडो तिथूनच भाड्याने घेणार होते. वडील त्यांच्या स्वतःच्या लग्नातला काळा टक्सेडो घालणार होते. त्याला तीसेक वर्षं झाली होती.

मुलाच्या फोनमध्ये बर्गंडी, म्हणजे गडद तांबड्या रंगाच्या वेल्व्हेट जॅकेटचा फोटो होता. आईचं म्हणणं, लग्नात काळाच. एका मित्राने करड्याची शिफारस केलेली. मुलगी पहिल्या भेटीला सोबत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग एकच वाक्य बोलली: "रंग कोणताही घ्या, पण माझा गाऊन त्याच्या शेजारी पिवळा दिसता कामा नये." तिच्या बहिणीच्या लग्नात तसं झालं होतं. खोलीत सुंदर दिसणारा गाऊन उन्हातल्या फोटोंमध्ये चहा सांडल्यासारखा दिसला होता आणि बहीण आजही तो अल्बम उघडत नाही.

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनी आवडी सांगितल्या होत्या, तिने अट घातली होती. आवडीनिवडींत तडजोड होते; अट आधी पाळावी लागते.

अडचण

टक्सेडो हा मुळात संध्याकाळचा पोशाख. न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कमध्ये १८८६ साली एक क्लब स्थापन झाला, त्यावरून अमेरिकेत या आखूड डिनर जॅकेटला हे नाव पडलं. जुन्या शिस्तीप्रमाणे तो सहानंतर घालायचा, दिवसाच्या समारंभाला मॉर्निंग कोट, म्हणजे मागून लांब असलेला कोट. त्या शिस्तीमागे शिष्टाचाराइतकंच कापडाचं शहाणपण आहे. काळं कापड, साटीनची लॅपल (कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी), पांढरा शर्ट ही सगळी जुळणी दिव्याच्या उजेडासाठी बसवलेली आहे. उन्हात तीच जुळणी कुठे कुठे उघडी पडते.

आमच्या मुलाला तर एकच जोड साडेचारच्या उन्हापासून रात्री अकराच्या मेणबत्त्यांपर्यंत अंगावर ठेवायचा होता. मेणबत्तीच्या उजेडाचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचं २७०० च्या आसपास, भर दिवसाच्या उजेडाचं ५५०० ते ६५००. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. माझ्या दुकानातले पांढरे एलईडी ४००० चे, म्हणजे यांतल्या कशाशीच न जुळणारे. दोन कापडं एका उजेडात तंतोतंत सारखी आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात, त्याला आमच्या धंद्यात मेटॅमेरिझम म्हणतात. शब्द जड आहे, पण जॅकेट एका दुकानातून आणि पॅन्ट दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या प्रत्येकाने तो अनुभव घेतलेला असतो.

त्यात शेजारी कोण उभं आहे हाही प्रश्न होता. गाऊन आयव्हरी, मित्रांचे चार ठिकाणचे चार टक्सेडो, वडिलांचा जुना काळा. नुसत्या मुलाचा रंग ठरवून काहीच ठरणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

करडा आम्ही लगेच बाजूला ठेवला. दिवसा छान दिसतो, पण मेणबत्तीच्या उजेडात मऊ आणि धुळकट होतो, आणि ज्याच्याकडे सगळ्यांनी बघायचं त्यानेच मागे सरकल्यासारखं वाटतं.

बर्गंडीवर मात्र वेळ दिला, कारण मुलाचं मन तिथे होतं आणि माणसाला हव्या असलेल्या रंगावर न बघता फुली मारणं मला पटत नाही. वेल्व्हेटला लव असते. लवेची दिशा वर ठेवली तर रंग गडद आणि खोल दिसतो, खाली ठेवली तर फिका आणि चमकता. कापताना एक बाही उलटी गेली तर एकाच कोटाचे दोन रंग दिसतात. ते सांभाळता येतं. हिरवळ मात्र बदलता येत नाही. हिरव्यावर लाल ठेवलं की दोन्ही रंग एकमेकांना चढवतात. विधीच्या वेळी प्रत्येकाची नजर आधी जॅकेटवर गेली असती, मग मुलीवर. शिवाय वेल्व्हेट उजेड पिऊन टाकतं आणि रेशमी साटीन तो परत फेकतं. फोटोत जॅकेटची घडी न् घडी दिसेल अशी प्रकाशमात्रा ठेवली तर गाऊन पांढराफटक होतो. गाऊन नीट घेतला तर जॅकेटचा लाल डाग होतो.

आयव्हरी डिनर जॅकेट हा उष्ण हवेतला जुना आणि देखणा पर्याय. काळी पॅन्ट, लॅपल जॅकेटच्याच कापडाची. इथे मुलीच्या अटीने तो बाद झाला. दोन आयव्हरी कधी एक नसतात. लोकरीचा आयव्हरी आणि रेशमाचा आयव्हरी शेजारी आले की त्यातला एक मळका दिसतोच, आणि कोणता दिसेल हे आधी सांगता येत नाही.

उरले काळा आणि मिडनाइट ब्लू, म्हणजे काळ्याला भिडणारा गडद निळा.

काळ्याची बाजू भक्कम होती. मित्रांशी जुळतो, वडिलांशी जुळतो, आई खूश, वीस वर्षांनीही फोटो जुना वाटत नाही. पण "काळा" नावाचा एकच रंग बाजारात मिळत नाही. काही काळे निळ्याकडे झुकतात, काही तांबड्याकडे, काही हिरव्याकडे, आणि पिवळ्या दिव्याखाली तो झुकाव वर येतो. मिडनाइट ब्लूचा जन्म याच कारणाने झाला. १९२० आणि ३० च्या दशकांत, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे ब्रिटनचा राजा झालेला आठवा एडवर्ड, याने तो लोकप्रिय केला. दिव्याच्या उजेडात हा निळा काळ्यापेक्षा काळा दिसतो. कारण साधं आहे: पिवळ्या उजेडात निळे किरण मुळातच कमी, आणि हे कापड परत टाकतं ते मुख्यतः निळेच. परत टाकायला काही उरतच नाही, म्हणून डोळ्याला खोल काळोख दिसतो.

दिवसा मात्र तो निळा दिसतो. किती निळा, हे तागा बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. माझ्याकडे तेव्हा मिडनाइट ब्लूचे दोन तागे होते. दुकानाच्या दिव्यात मला स्वतःला त्यांतला फरक दिसत नव्हता.

पहिला निर्णय: कापड जागेवर नेऊन बघायचं

इथे निर्णय घेण्याऐवजी मी एक आठवडा मागून घेतला. मुलीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून गाऊनच्या पायघोळातून निघालेली एक पट्टी मागवली. तळहाताएवढी होती. त्यांनी ती पातळ कागदात गुंडाळून दिली आणि हात स्वच्छ धुऊनच उघडा असं बजावलं. त्यांची ती काळजी मला फार आवडली. मग काळ्याचे दोन नमुने, निळ्याचे दोन आणि तीन पांढऱ्या शर्टांची कापडं घेऊन मुलगा, मुलगी आणि मी त्या हिरवळीवर गेलो, बरोबर साडेचारला. नमुने लहान नकोत. बोटभर तुकड्यावर डोळा फसतो. निदान वहीच्या पानाएवढा हवा आणि तो छातीवर उभा धरून बघायला हवा, टेबलावर आडवा ठेवून नव्हे.

पहिला निळा उन्हात सरळ नेव्ही, म्हणजे नेहमीचा गडद निळा झाला. शाळेच्या कोटासारखा. दुसरा निळाच राहिला, पण खोल पाण्यासारखा. पाच पावलं मागे गेलं की काळा, जवळ आलं की निळा. त्याच्या शेजारी आमचा चांगला लोकरी काळाही थोडा कोमट, थोडा तपकिरी वाटायला लागला. हा खेळ नवा नाही. मिशेल युजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असताना तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या कापडातला काळा धागा कमजोर दिसतो. त्याने तपासलं, रंगाईत खोट नव्हती, शेजारचा निळा त्या काळ्याचा रंग बदलत होता. १८३९ मध्ये त्याने रंगांच्या या परस्परविरोधाचा नियम मांडला. हिरवळीवर उभं राहून आम्ही तोच प्रयोग नकळत केला.

आयव्हरी पट्टी दुसऱ्या निळ्यावर ठेवली तेव्हा मुलगी पुढे वाकली आणि तिने ती बोटाने सपाट केली. निळ्याशेजारी आयव्हरी ऊबदार दिसतो, लोण्यासारखा. तो रंग मुद्दाम निवडलाय हे कळतं. काळ्यावर तोच जरा निर्जीव वाटत होता. मुलाने बर्गंडीचा विषय त्यानंतर काढला नाही.

सात वाजता हॉलमध्ये पुन्हा तेच नमुने. दिवे लावायला सांगितले, चार मेणबत्त्या पेटवल्या. तिथे दुसरा निळा सगळ्यांत काळा होता. फोनचा फ्लॅश मारला की मात्र तो परत निळा होऊन समोर यायचा. ही गोष्ट मी फोटोग्राफरला त्याच रात्री कळवली आणि त्याने फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावायचं कबूल केलं, म्हणजे फ्लॅशचा उजेड हॉलच्या उजेडाशी जुळेल.

दुसरा निर्णय: शर्टाचा पांढरा

मुलीच्या अटीचं खरं उत्तर जॅकेटमध्ये नव्हतंच. उन्हात आयव्हरी पट्टी पहिल्या शर्टाच्या कापडाला लावली आणि ती क्षणात पिवळी पडली. तिघांनीही एकदम पाहिलं. मुलगी म्हणाली, "हेच. ताईच्या गाऊनचं हेच झालं होतं."

झगझगीत पांढऱ्या कापडात ऑप्टिकल ब्राइटनर असतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तो शोषतो आणि निळसर उजेड बाहेर टाकतो, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं भासतं. जुन्या काळी धुतलेल्या कपड्यांना नीळ द्यायचे त्याचीच ही पुढची पायरी. उन्हात अतिनील किरण भरपूर, त्यामुळे शर्ट पेटतो आणि शेजारचं रेशीम मळकं दिसतं. दिव्याच्या उजेडात ते किरण नसल्यातच जमा असतात, म्हणून दुकानात हा दोष कुणाला दिसत नाही.

दुकानात परतल्यावर ट्रायलची खोली बंद करून ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च लावली. पहिला शर्ट निळ्या ट्यूबलाइटसारखा लकाकला. दुसराही. तिसऱ्या कापडावर आणि गाऊनच्या पट्टीवर जेमतेम उजळ आला, दोन्हींवर जवळजवळ सारखा. तिसरं कापड ब्राइटनर न घातलेल्या सुताचं होतं, दिवसाउजेडी पाहिलं तर दुधाळ पांढरं. तेच घेतलं. मुलाला एकच सूचना दिली: लग्नाआधी हा शर्ट घरच्या पावडरने धुवायचा नाही, कारण बहुतेक धुण्याच्या पावडरींत तोच ब्राइटनर असतो आणि एका धुण्यातही कापडाला लागतो.

तिसरा निर्णय: मित्र

मुलाला पाचही जण एकसारखे हवे होते. मी स्पष्ट नको म्हटलं. मिडनाइट ब्लू भाड्याच्या दुकानांत एकमेकांशी कधीच जुळत नाही; एकाच गिरणीच्या एकाच छटेतही रंगाईचा घाणा बदलला की फरक पडतो. चार शहरांतले चार निळे उन्हात रांगेत उभे राहिले असते तर ती चूक वाटली असती. चार काळे थोडे वेगळे असले तरी काळे म्हणून खपतात. तेव्हा मित्र काळ्यात, मुलगा एकटा निळ्यात. दिवसा तो आपोआप वेगळा दिसेल, रात्री सगळे एक दिसतील.

मुलाला हे पटलं. त्याने चौघांना निरोप धाडला. तो निरोप मी वाचायला मागायला हवा होता.

चौथा निर्णय: वडिलांचा टक्सेडो

चौथ्या आठवड्यात वडील आपला कोट घेऊन आले. टेबलावर ठेवला, मी उचलून खिडकीशी नेला. खांदे आणि बाह्यांच्या बाहेरच्या बाजू हिरवट-तपकिरी झाल्या होत्या. काळी लोकर म्हातारी होते तेव्हा असा गंज चढतो. पुन्हा रंगवता येईल का, असं मुलाने विचारलं. रेशमी लॅपल, अस्तर, आतलं कॅनव्हास एकत्र शिवलेलं असताना रंगाच्या भांड्यात कोट घालणं म्हणजे तो कोट गमावणं, हे सांगावं लागलं. आणि निळ्याशेजारी तो गंज जास्तच दिसेल हेही सांगितलं. माझा सल्ला होता, नवा काळा शिवू या.

वडिलांनी कोट परत घेतला, कॉलर उलटली आणि खालचं कापड बघितलं. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. "अरे, आतून अजून काळाच आहे की," ते मुलाला म्हणाले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा हाच घालतील." माझ्या हातात वाफेची इस्त्री, ब्रश आणि कंबरेची शिवण सैल करणं एवढंच उरलं. ते मनापासून केलं.

मध्येच आलेलं संकट

पहिलं फिटिंग कच्च्या शिलाईवर झालं आणि छान झालं. दुसऱ्या फिटिंगला लग्नाला तीन आठवडे होते. एकच बटण, वर टोक निघालेली पीक लॅपल, लॅपलवर कापडाच्याच निळ्यातलं साटीन, पॅन्टच्या बाजूला तीच पट्टी. आरशात सगळं अप्रतिम. सवयीने मी मुलाला दाराबाहेर उन्हात नेलं आणि पोटात गोळा आला.

कापड खोल निळं होतं आणि लॅपल आकाशासारखी चमकत होती. साटीनचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की तो आरशासारखा वागतो; वरचं आकाश त्याने जसंच्या तसं छातीवर आणलं होतं. मी चार प्रकारची कापडं, तीन शर्ट, दोन उजेड तपासले होते आणि लॅपलचं साटीन हिरवळीवर न्यायचं विसरलो होतो. चूक पूर्णपणे माझी होती, तसं मी तिथेच सांगितलं.

दोन रस्ते होते. साटीन तसंच ठेवून विधी सावलीत घ्यायला सांगायचं, किंवा लॅपल उकलून ग्रोग्रेन चढवायचं. ग्रोग्रेन म्हणजे घट्ट विणीचं कापड; त्यावर बारीक उठावदार धाऱ्या असतात, उजेड त्यांवर पडून विखुरतो, चमक मंद राहते. लॅपल उकलताना कापडाला सुईची जुनी भोकं दिसण्याचा धोका होता, आणि पीक लॅपलचं टोक पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते. मी उकलायचं ठरवलं. ग्रोग्रेन काळं घेतलं, निळं नाही, म्हणजे तिसऱ्या निळ्याची भर नको. मग बो टाय बदलावा लागला, कारण टाय लॅपलच्याच कापडाचा हवा, कमरबंदही. बुटांचा प्रश्न आला नाही, ते आधीपासून काळे, चकचकीत पेटंट लेदरचे होते. हे सगळं करायला आमचे सहा दिवस गेले, त्यातली दोन टोकं मी तीनदा शिवली.

परिणाम

विधीच्या वेळी ऊन तिरकं आणि सोनेरी होतं. मुलगा निळा दिसत होता, पण ओरडून सांगणारा निळा नव्हे. गाऊन ऊबदार आयव्हरी होता. मी मागच्या रांगेत होतो आणि माझी नजर सतत शर्टाच्या छातीवर आणि गाऊनच्या खांद्यावर जात होती, ते दोन पांढरे जिथे भेटत होते तिथे. तिथे काहीच खटकलं नाही. फोटो आल्यावर मुलीने पहिला फोटो बहिणीला पाठवला, असं तिने नंतर सांगितलं.

हॉलमध्ये निळा काळा झाला. आई तीन वेळा म्हणाली की शेवटी काळाच चांगला दिसतो, आणि कुणीही तिची समजूत दुरुस्त केली नाही.

मित्रांच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. मुलाच्या निरोपात लिहिलं होतं, "मी मिडनाइट ब्लू घालतोय, तुम्ही काळा घ्या." एका मित्राच्या डोक्यात पहिलंच अर्धं वाक्य राहिलं आणि तो चक्क नेव्ही टक्सेडो घेऊन आला. आदल्या संध्याकाळी कळलं. त्याच्या मापाचा काळा तेवढ्या वेळात मिळाला नाही. फोटोग्राफरने त्याला रांगेच्या टोकाला, झाडाच्या सावलीत उभं केलं. तरी उन्हातल्या दोन गट-फोटोंत तो नवऱ्यापेक्षा निळा दिसतो. त्या मित्राला फार वाईट वाटलं. दोष खरं तर त्याचा नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

निरोपात नवऱ्याच्या रंगाचा उल्लेखच करू नये. मित्रांना फक्त त्यांचा रंग सांगायचा, "काळा" हा एकच शब्द, आणि कपडा ताब्यात आला की खिडकीशी धरून काढलेला फोटो लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी मागवायचा. आता मी हा निरोप स्वतः लिहून देतो.

नमुने बाहेर नेताना लॅपल, टाय, कमरबंद, पॅन्टची पट्टी यांचे तुकडेही सोबत न्यायचे, आणि ते मुख्य कापडावर टाचून न्यायचे, सुटे नाहीत. कच्च्या शिलाईच्या फिटिंगलाच लॅपलवर साटीन तात्पुरतं टाचून माणसाला उन्हात उभं करायचं. दहा मिनिटं लागतात. मी ती वाचवली आणि सहा दिवस घालवले.

शर्टाच्या पांढऱ्याबद्दल आता पहिल्या भेटीतच विचारतो, जॅकेटच्या रंगाआधी. गाऊन कोणता पांढरा आहे हे माहीत नसेल तर पुढचं बोलणं थांबवतो.

वडिलांच्या कोटाबद्दल माझं मत अजून डळमळतं. फोटोंत तो निळ्याशेजारी गंजलेलाच दिसतो, मी सांगितलं होतं तसाच. पण मुलाने घरात मोठा करून लावायला जो फोटो निवडला त्यात वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर आहे, तपकिरी बाही निळ्या कापडावर, आणि दुसरा फोटो निवडायचा विचार त्याच्या मनातही आला नाही.

लग्नानंतर दोन्ही कोट स्वच्छ करायला माझ्याकडे आले. मी ते खिडकीशी शेजारी-शेजारी टांगले. तेव्हा कुठे माझं लक्ष जुन्या कोटाच्या लॅपलकडे गेलं. ग्रोग्रेन. उन्हात शांत, जराही न चमकणारं, काळ्याचं काळं, मी तीनदा टोकं शिवून मुलाच्या कोटाला चढवलं तसंच. चौथ्या आठवड्यात तो कोट अख्खी दुपार माझ्या टेबलावर पडून होता, आणि मी फक्त त्याच्या खांद्यांकडे बघत होतो.